नॉर्थम्बरलँड नेमकं आहे कुठे?

मुंबईत सीएसएमटीहून लोकल सुटली की आधी मशीद, आणि पुढचं स्थानक सँडहर्स्ट रोड. हे नाव कानावर इतक्या वेळा पडतं की सँडहर्स्ट कोण हा प्रश्नच कुणाला पडत नाही. पुण्याच्या प्लेगचा इतिहास वाचलेल्यांना उत्तर ठाऊक असतं. लॉर्ड सँडहर्स्ट म्हणजे १८९५ ते १९०० या काळातला मुंबई इलाख्याचा गव्हर्नर. रँडचा खून आणि १८९७चा टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला याच्याच कारकिर्दीतले. पण या गृहस्थांचं आडनाव सँडहर्स्ट नव्हतंच. ते होतं मॅन्सफील्ड. सँडहर्स्ट हे इंग्लंडमधल्या बार्कशर काउंटीतलं एक गाव. तिथल्या लष्करी महाविद्यालयात गव्हर्नरांचे वडील शिकले, पुढे हिंदुस्थानचे सरसेनापती झाले आणि १८७१ मध्ये त्यांना उमरावपद मिळालं तेव्हा पदवीसाठी या गावाचं नाव घेतलं गेलं. मुलाकडे ती पदवी वारशाने आली. गावावरून पदवी, पदवीवरून गव्हर्नर, गव्हर्नरावरून रस्ता आणि रस्त्यावरून स्थानक, अशी ही साखळी आहे.

खुद्द इंग्लंडात अशा साखळ्यांचं जाळंच आहे. तिथे नकाशावर एखाद्या काउंटीचं नाव दिसलं, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारख्या एखाद्या प्रदेशाचं, तर ती जागा त्या काउंटीत असेलच असं नाही. बहुतेकदा नसतेच. उदाहरण म्हणून एकच नाव घेऊ आणि त्याचा माग काढू: नॉर्थम्बरलँड. ही इंग्लंडची अगदी उत्तरेकडची, स्कॉटलंडला खेटून असलेली काउंटी. मेंढ्या, किल्ले, ओसाड टेकड्या आणि रोमन सम्राट हेड्रियनच्या भिंतीचे अवशेष यांचा हा मुलूख. ब्रिटनमध्ये या नावाची दोन रेल्वे स्थानकं आहेत, दोन्हींचं नाव नॉर्थम्बरलँड पार्क. एक लंडनच्या टॉटनहॅम भागात, म्हणजे काउंटीपासून सुमारे ४०० किलोमीटर दक्षिणेला. दुसरं न्यूकासल शहराजवळच्या मेट्रोवर. दोन्हींपैकी एकही आजच्या नॉर्थम्बरलँड काउंटीच्या हद्दीत नाही.

हे असं का झालं, ते समजायला आधी ब्रिटिश पदव्या कशा चालतात ते पाहावं लागेल.

हुद्दा होता, दागिना झाला

एके काळी ‘अमुक काउंटीचा अर्ल’ हा खराखुरा अधिकारी असे. अकराव्या शतकापर्यंत उत्तरेकडचा अर्ल म्हणजे जवळजवळ छोटा राजाच. सैन्य त्याचं, न्यायनिवाडा त्याचा. नॉर्मन राजांना हे परवडणारं नव्हतं. इतक्या दूर, सीमेवर बसलेला आणि स्वतःची फौज बाळगणारा माणूस कधी उलटेल याचा नेम नसतो. आणि तसं घडलंही. १०९५ मध्ये नॉर्थम्ब्रियाच्या अर्लने बंड केलं आणि त्याची रवानगी तुरुंगात झाली.

हळूहळू काउंटीचा कारभार शेरीफ या राजाच्या नोकराकडे गेला. शेरीफ राजा नेमतो, राजाच काढतो. अर्लकडे मान उरला आणि थोडा पैसाही. बाराव्या शतकात काउंटीच्या न्यायालयात जमणाऱ्या दंडाचा एक तृतीयांश भाग अर्लला मिळत असे. पुढे त्याचीही एक ठरावीक वार्षिक रक्कम झाली. सत्ता गेली तरी काउंटीचं नाव मात्र पदवीला चिकटून राहिलं.

यातून जे झालं ते आपल्या दृष्टीने महत्त्वाचं आहे. पदवी आणि प्रदेश यांची ताटातूट झाली. डेव्हनशरच्या ड्यूकचा प्रसिद्ध वाडा चॅट्सवर्थ, तो डर्बीशरमध्ये. नॉरफोकचा ड्यूक राहतो ससेक्समधल्या अरंडेल किल्ल्यात. आणि ससेक्सचा ड्यूक असलेले राजपुत्र हॅरी कॅलिफोर्नियात राहतात. यात कुणालाच काही वावगं वाटत नाही, कारण काउंटीचं नाव आता पत्ता सांगत नाही, मान सांगतं.

पण हे नाव नुसतं कागदोपत्री राहत नाही. उमरावाला लोक पदवीच्या नावानेच ओळखतात. सहीदेखील तो पदवीचीच करतो. नॉर्थम्बरलँडचा ड्यूक पत्राखाली ‘नॉर्थम्बरलँड’ एवढंच लिहितो, जणू काही सगळी काउंटीच सही करते आहे. म्हणून त्याच्या घराला, जमिनीला आणि त्या जमिनीवरच्या रस्त्याला जे नाव पडतं ते आडनावाचं क्वचित आणि काउंटीचं बहुधा.

चौकट: उमरावांच्या पाच पायऱ्या

ब्रिटिश उमरावांमध्ये सर्वांत वर ड्यूक, त्याखाली मार्क्वेस, मग अर्ल, मग व्हायकाउंट आणि शेवटी बॅरन. पदवी राजाच्या सनदेने मिळते आणि ती पुढे कुणाकडे जाणार हे त्या सनदेतच लिहिलेलं असतं. जुन्या सनदांमध्ये सर्रास अट असे ती ‘औरस पुत्र, त्याचा औरस पुत्र’ या क्रमाची. मुलगी नाही, अनौरस मुलगा नाही, दत्तक तर नाहीच. वंशात पुरुष उरला नाही की पदवी संपते. मग राजाला वाटलं तर तो तेच नाव नव्या माणसाला, नव्या सनदेने देऊ शकतो. म्हणूनच इतिहासात ‘नॉर्थम्बरलँडचा ड्यूक’ म्हणून एकमेकांशी काहीही नातं नसलेली माणसं भेटतात.

एक पदवी, अनेक मालक

१३७७ मध्ये दुसऱ्या रिचर्ड राजाचा राज्याभिषेक झाला तेव्हा हेन्री पर्सी या सरदाराला नॉर्थम्बरलँडचा अर्ल करण्यात आलं. पर्सी घराणं तेव्हाच उत्तरेत पाय रोवून होतं. ॲनिक गावचा किल्ला १३०९ पासून त्यांच्याकडे होता. (स्पेलिंगमध्ये एल आणि डब्ल्यू दोन्ही आहेत, पण बोलताना ॲनिकच.) स्कॉटलंडच्या सीमेवर पहारा ठेवणं हे त्यांचं काम. त्या अर्लचा मुलगाही हेन्री. त्याच्या घोडदौडीच्या वेगामुळे आणि तापट स्वभावामुळे त्याला हॉटस्पर हे टोपणनाव पडलं. घोड्याला टाच मारण्यासाठी बुटाला लावतात ती आरी म्हणजे स्पर. ज्या चौथ्या हेन्रीला गादीवर बसवण्यात बापलेकांचा हात होता त्याच्याच विरुद्ध ते उठले आणि १४०३ मध्ये श्रूजबरीच्या लढाईत हॉटस्पर मारला गेला. शेक्सपिअरने त्याला नाटकात आणलं नसतं तर आज तो उत्तरेबाहेर फारसा कुणाला आठवलाही नसता. हे नाव लक्षात ठेवा, पुढे ते फुटबॉलच्या मैदानावर भेटणार आहे.

पर्सी मंडळींना बंडाची खोड होती, असं म्हटलं तर अन्याय होणार नाही. पदवी जप्त व्हायची, पुन्हा मिळायची, पुन्हा जायची. १५३७ मध्ये एक अर्ल निपुत्रिक वारला आणि पदवी मोकळी झाली. १५५१ मध्ये ती जॉन डडली या भलत्याच माणसाने घेतली, तीही दोन पायऱ्या वर चढून. हा नॉर्थम्बरलँडचा पहिला ड्यूक. बाल राजा सहाव्या एडवर्डच्या वतीने सगळा कारभार याच्या हाती होता. राजा मरताच त्याने आपली सून लेडी जेन ग्रे हिला गादीवर बसवलं. तो डाव काही दिवसांतच उलटला आणि १५५३ मध्ये ड्यूकचं डोकं उडालं. मग १५५७ मध्ये अर्लपद पुन्हा पर्सी घराण्याकडे आलं. पंधरा वर्षांत त्या पर्सीचाही यॉर्कमध्ये शिरच्छेद झाला. गुन्हा अर्थातच बंडाचा.

१६७० मध्ये अकरावा अर्ल वारला आणि मागे उरली एलिझाबेथ ही तीन वर्षांची मुलगी. इथे मराठी वाचकाला दत्तक वारस आठवेल, आणि त्यामागोमाग डलहौसीही. आपल्याकडे सातारा आणि झाशी दत्तकाच्या वादात गेली. इंग्लंडात हा वाद उद्भवतच नव्हता, कारण कायद्याला दत्तक हा प्रकारच मान्य नव्हता. तो तिथे १९२६ मध्ये आला आणि आजही दत्तक मुलाला उमरावपद वारशाने मिळत नाही. तेव्हा पर्सींचं अर्लपद संपलं. राजा दुसऱ्या चार्ल्सने हे नाव आपल्या जॉर्ज या अनौरस मुलाला देऊन टाकलं. १६८३ मध्ये तो ड्यूक झाला, १७१६ मध्ये निपुत्रिक वारला आणि नाव पुन्हा मोकळं झालं.

पदवी गेली तरी जमीन मुलीकडे राहिली. पदवी सनदेच्या अटीने चालते आणि जमीन मालमत्तेच्या कायद्याने. एवढ्या जमिनीची एकुलती एक वारस म्हटल्यावर एलिझाबेथचं काय झालं असेल याची कल्पना येते. पंधराव्या वर्षापर्यंत तिची तीन लग्नं झाली होती. पहिला नवरा वारला, दुसऱ्याचा लंडनच्या पॅल मॅल रस्त्यावर भर वस्तीत खून झाला, आणि तिसरा होता सॉमरसेटचा ड्यूक. या तिसऱ्या लग्नातून झालेल्या मुलाला, अल्जर्नन सीमोरला, १७४९ मध्ये राजाने पुन्हा नॉर्थम्बरलँडचा अर्ल केलं. पण त्यालाही मुलगा उरला नव्हता, होती फक्त मुलगी. म्हणून या वेळी सनदेतच खास तरतूद केली गेली: सासऱ्यानंतर पदवी जावयाकडे जाईल.

हा जावई म्हणजे यॉर्कशरचा सर ह्यू स्मिथसन. १७५० मध्ये सासरा गेला, जावई अर्ल झाला आणि त्याने रीतसर संसदेच्या कायद्याने आपलं आडनाव बदलून पर्सी करून घेतलं. १७६६ मध्ये तो ड्यूकही झाला. आपल्याकडचा घरजावई फार तर सासऱ्याच्या घरात राहायला जातो. याने घराबरोबर सासूबाईंच्या, खरं तर आजेसासूबाईंच्या माहेरचं आडनाव, किल्ला, सिंहाचं चिन्ह आणि चारशे वर्षांचा पराक्रम, सगळंच अंगावर चढवलं. आजचे ड्यूक हे या ह्यूचे वंशज आहेत.

त्याने टाकून दिलेल्या आडनावाचं काय झालं, ती हकिकत मला पर्सींच्या सगळ्या बंडांपेक्षा जास्त आवडते. ह्यूला एक अनौरस मुलगा होता, जेम्स. त्याला पदवी मिळणं शक्यच नव्हतं. आईच्या मृत्यूनंतर त्याने बापाचं मूळचं स्मिथसन हे आडनाव घेतलं, रसायनशास्त्रात काम केलं, भरपूर पैसा जमवला आणि १८२९ मध्ये जिनोआत वारला. मृत्युपत्रातल्या अटीनुसार अखेरीस त्याची सगळी संपत्ती अमेरिकेला गेली. त्या देशात त्याने कधी पाऊलही ठेवलेलं नव्हतं. वॉशिंग्टनची स्मिथसोनियन संस्था १८४६ मध्ये उभी राहिली ती या पैशांतून. तिची वस्तुसंग्रहालयं पाहायला जाणाऱ्यांपैकी बहुतेकांनी पर्सी हे नाव ऐकलेलंही नसतं.

तीन ठिकाणांची नावं लावलेला वाडा

आता जमिनीवर येऊ. उमराव काउंटीत राहो न राहो, लंडनमध्ये त्याचा वाडा हवाच. दरबार तिथे, संसद तिथे. आज जिथे ट्रफाल्गर चौक आहे त्याच्या दक्षिणेला चेअरिंग क्रॉसजवळ सतराव्या शतकाच्या सुरुवातीला एक प्रचंड वाडा बांधला गेला. बांधणारा होता नॉर्थम्प्टनचा अर्ल, म्हणून ते झालं नॉर्थम्प्टन हाउस. १६१४ मध्ये तो वारला आणि वाडा सफोकचा अर्ल असलेल्या पुतण्याकडे गेला. झालं सफोक हाउस. १६४० च्या दशकात सफोकच्या घरातल्या मुलीचं नॉर्थम्बरलँडच्या दहाव्या अर्लशी लग्न झालं आणि लग्नाच्या बोलणीत वाडा १५,००० पौंडांना जावयाला देण्यात आला. झालं नॉर्थम्बरलँड हाउस. भिंती त्याच, जागा तीच, नावं मात्र इंग्लंडच्या तीन कोपऱ्यांतली. नकाशा पाहून भूगोल शिकू पाहणाऱ्याची इथे फसगत व्हायचीच.

मात्र तोच नकाशा लग्नांचा आणि खरेदी-विक्रीचा कागद म्हणून वाचला तर एकदम बोलायला लागतो. याच वाड्यापासून चालत पाच मिनिटांवर बकिंगहॅमच्या ड्यूकचा वाडा होता. १६७० च्या दशकात तो पाडून तिथे गल्ल्या पाडल्या गेल्या तेव्हा जॉर्ज व्हिलियर्स, ड्यूक ऑफ बकिंगहॅम या पूर्ण नावातला एकेक शब्द एकेका गल्लीला दिला गेला. ‘ऑफ’ हा शब्दसुद्धा वाया गेला नाही: ऑफ ॲली नावाची एक बोळ खरोखर होती. नंतर तिचं नाव बदललं, पण व्हिलियर्स स्ट्रीट आणि बकिंगहॅम स्ट्रीट अजून आहेत.

नॉर्थम्बरलँड हाउस त्याच्या शेजारच्या सगळ्या वाड्यांपेक्षा जास्त टिकलं. त्याच्या दर्शनी माथ्यावर पर्सींचा सिंह होता. पण एकोणिसाव्या शतकात थेम्सच्या काठाने बांध घालून रुंद रस्ता झाला आणि तो ट्रफाल्गर चौकाला जोडायचा तर मध्ये हा वाडा. ड्यूक बरीच वर्षं अडून बसले. अखेर १८७४ मध्ये लंडनच्या नगररचना मंडळाने ५ लाख पौंड मोजून जागा घेतली आणि वाडा पाडला. सिंह पश्चिम लंडनमधल्या सायन हाउस या पर्सींच्या दुसऱ्या वाड्यावर जाऊन बसला. (हे सायन वेगळं, आपल्या शीवशी त्याचा संबंध नाही.) आतल्या काचेच्या दिवाणखान्याचे तुकडे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत.

वाडा पडला, पण त्याच्या पोटातून गेलेल्या रस्त्याने नाव उचललं. १८७६ मध्ये नॉर्थम्बरलँड ॲव्हेन्यू सुरू झाला. त्याच्या दुतर्फा श्रीमंत प्रवाशांसाठी मोठमोठी हॉटेलं उभी राहिली. लगतच नॉर्थम्बरलँड स्ट्रीट होताच. शेरलॉक होम्सच्या ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’मध्ये सर हेन्रीचा बूट चोरीला जातो तो नॉर्थम्बरलँड हॉटेलातून. त्या गल्लीतल्या जुन्या नॉर्थम्बरलँड आर्म्स या पबचं नाव १९५७ पासून शेरलॉक होम्स असं आहे. काल्पनिक गुप्तहेराने खऱ्या ड्यूकला पाटीवरून हटवल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. १९३६ मध्ये मोनॉपली या खेळाची लंडनची आवृत्ती निघाली आणि तिच्यात नॉर्थम्बरलँड ॲव्हेन्यूला १६० पौंडांचं एक गुलाबी घर मिळालं. आपल्याकडे ज्यांनी लहानपणी व्यापार खेळताना मुंबईतल्या जागा विकत घेतल्या, त्यांच्या वयाच्या इंग्रज मुलांनी हा रस्ता विकत घेतलेला असतो.

याच रस्त्यावरच्या एका जुन्या हॉटेलाच्या इमारतीला आज पुन्हा नॉर्थम्बरलँड हाउस म्हणतात. आता ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचं, म्हणजे डॉ. आंबेडकर जिथे शिकले त्या संस्थेचं, विद्यार्थी वसतिगृह आहे. हे नाव वाड्याचं नाही, रस्त्याचं. वाड्यावरून रस्ता आणि रस्त्यावरून पुन्हा घर, असा उलटा फेरा पूर्ण झाला.

प्रतिष्ठित नावाला गिऱ्हाईक असतंच. उत्तर लंडनमध्येही एक नॉर्थम्बरलँड हाउस होतं. ते होतं मनोरुग्णांसाठीचं खासगी इस्पितळ. कवी टी. एस. एलियट यांची पहिली पत्नी व्हिव्हियन हिला १९३८ मध्ये तिथे ठेवण्यात आलं आणि १९४७ मध्ये ती तिथेच वारली. अशा जागांना भारदस्त नावं देण्याची पद्धत आपल्यालाही अनोळखी नाही.

टॉटनहॅमचा हॉटस्पर

आता पहिल्या स्थानकाकडे. ह्यू स्मिथसनच्या एका नातलगाची टॉटनहॅममध्ये मालमत्ता होती आणि ती त्याच्याकडे आली. तेव्हा टॉटनहॅम लंडनबाहेरचं खेडं होतं. एकोणिसाव्या शतकात शहर फुगत गेलं, शेतांवर घरं आली, आणि नव्या रस्त्यांना नावं हवी झाली. जमिनीशी ड्यूकचा संबंध असला की बिल्डरला आयतीच नावं मिळतात. इथे नॉर्थम्बरलँड पार्क हा रस्ता झाला, पर्सी हे नावही आलं. यात ‘पार्क’ आहे तो बगीचा असेलच असं नाही. घरं विकताना हिरवळीचा भास करून देणारा तो शब्द आहे. पुण्या-मुंबईतल्या गृहसंकुलांच्या पाट्या वाचणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

१८८२ मध्ये टॉटनहॅममधल्या क्रिकेट खेळणाऱ्या शाळकरी मुलांनी हिवाळ्यासाठी फुटबॉल क्लब काढला. त्यांच्या क्रिकेट क्लबचं नाव होतं हॉटस्पर. आजूबाजूला नॉर्थम्बरलँड घराण्याची जमीन, त्या घराण्याचा सर्वांत धडाडीचा वीर हॉटस्पर, तेव्हा मुलांनी तेच नाव उचललं होतं. दोन वर्षांनी नावापुढे टॉटनहॅम लागलं. आज जगभर माहीत असलेला टॉटनहॅम हॉटस्पर क्लब तो हाच. १८८८ ते १८९९ या काळात त्यांचं मैदानही नॉर्थम्बरलँड पार्कमध्येच होतं. म्हणजे उत्तर सीमेवर लढलेल्या, श्रूजबरीत मेलेल्या सरदाराचं नाव उत्तर लंडनच्या संघाला मिळालं, आणि तेही ज्या जमिनीमुळे मिळालं ती त्याच्या रक्ताच्या नव्हे, तर घरजावयाच्या वाटेने आली होती.

रेल्वे या भागात १८४० च्या दशकातच आली होती. स्थानकाचं पहिलं नाव होतं मार्श लेन, म्हणजे दलदलीकडे जाणारी वाट. ते अगदी खरं वर्णन होतं. पण दलदलीच्या नावाने कुणी घर घेत नाही. पुढे ते नुसतं पार्क झालं आणि १९२३ मध्ये नॉर्थम्बरलँड पार्क. शेजारी लंडन अंडरग्राउंडच्या व्हिक्टोरिया लाइनचा डेपोही आहे. ती लाइन प्रवाशांसाठी पूर्णपणे जमिनीखाली आहे. तिच्या गाड्यांना उघडं आभाळ दिसतं ते फक्त या डेपोत.

जहाज आणि सामुद्रधुनी

नाव समुद्रावरही गेलं. ब्रिटिश नौदलात जहाजांना उमरावांची नावं देण्याची रीत होती. पुढे प्रशांत महासागर पालथा घालणारा कॅप्टन कुक १७५९ पासून तीन वर्षं एचएमएस नॉर्थम्बरलँड या जहाजावर होता. त्या जहाजावरून कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सामुद्रधुनीला नॉर्थम्बरलँड हे नाव पडलं. तिच्यावरून आता सुमारे १३ किलोमीटरचा पूल जातो. याच नावाच्या दुसऱ्या, नंतरच्या जहाजाने १८१५ मध्ये नेपोलियनला सेंट हेलेनाला नेऊन सोडलं. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियात नॉर्थम्बरलँड नावाचं गाव आहे. ऑक्सिजनचा शोध लावणारे जोसेफ प्रीस्टली इंग्लंडात जमावाने घर जाळल्यावर अखेर तिथे जाऊन राहिले आणि १८०४ मध्ये तिथेच वारले.

हद्दच सरकली

आतापर्यंत नाव हलत होतं, काउंटी जागेवर होती. आता न्यूकासलजवळच्या स्थानकाकडे गेलं की गाठ पडते ती उलट्या प्रकाराशी. न्यूकासल हे ईशान्य इंग्लंडमधलं सर्वांत मोठं शहर. तिथल्या बाजारपेठेच्या मुख्य रस्त्याचं नाव नॉर्थम्बरलँड स्ट्रीट. नॉर्थम्बरलँडची काउंटी परिषदही याच शहरात बसायची. पण १ एप्रिल १९७४ पासून इंग्लंडच्या काउंट्यांची नव्याने आखणी झाली. न्यूकासल आणि त्याभोवतालचा दाट वस्तीचा, कारखान्यांचा पट्टा काढून टाइन अँड वेअर ही नवी काउंटी तयार केली गेली. नॉर्थम्बरलँडकडे क्षेत्रफळ भरपूर राहिलं, लोकसंख्येचा मोठा भाग गेला. परिषदेचं कार्यालय मात्र न्यूकासलमध्येच राहिलं. म्हणजे १९८१ मध्ये मॉर्पेथला नवी इमारत होईपर्यंत सात वर्षं एका काउंटीचा कारभार दुसऱ्या काउंटीत बसून चालला. तसं पाहिलं तर न्यूकासलला १४०० सालापासूनच स्वतंत्र काउंटीचा दर्जा होता, तेव्हा कारभारी आधीही थोडे परक्या अंगणातच बसत होते.

या नव्या हद्दीतल्या नॉर्थ टाइनसाइडमध्ये डिसेंबर २००५ मध्ये टाइन अँड वेअर मेट्रोचं नॉर्थम्बरलँड पार्क स्थानक सुरू झालं. नाव आलं तिथल्या नव्या वसाहतीवरून. गोंधळात भर म्हणजे याच भागात, किनाऱ्याकडे, नॉर्थम्बरलँड पार्क नावाची खरीखुरी जुनी बाग आहे. ड्यूकने दिलेल्या जमिनीवर ती १८८५ मध्ये झाली. स्थानक तिच्याजवळ नाही. बागेत जायला निघालेल्या पाहुण्याला हे सांगून ठेवलेलं बरं.

डिसेंबर २०२४ मध्ये न्यूकासल ते ॲशिंग्टन हा मार्ग साठ वर्षांनी पुन्हा प्रवाशांसाठी खुला झाला. त्याचं नाव नॉर्थम्बरलँड लाइन. ॲशिंग्टन काउंटीत आहे, न्यूकासल नाही. मेट्रोशी जोडणीचं ठिकाण म्हणून निवड झाली ती काउंटीबाहेरच्या नॉर्थम्बरलँड पार्कचीच.

ड्यूकचा किल्ला पाहायचा असेल तर यांपैकी कुठलंच स्थानक उपयोगाचं नाही. ॲनिकला स्वतःचं देखणं स्थानक होतं, १८८७ मध्ये बांधलेलं. पण १९६८ मध्ये तो फाटा बंद झाला. आज त्या इमारतीत बार्टर बुक्स हे जुन्या पुस्तकांचं भलंमोठं दुकान आहे. किल्ल्यात अजून पर्सी राहतात. पहिल्या दोन हॅरी पॉटर चित्रपटांचं काही चित्रीकरण तिथे झालं आहे. लंडनच्या किंग्ज क्रॉसहून एडिंबरोकडे जाणाऱ्या गाडीने ॲलनमाउथला उतरायचं आणि तिथून बसने ॲनिकला जायचं. तिकीट काढताना नॉर्थम्बरलँड असं म्हणू नये, कारण काउंटरवरचा माणूस ‘टॉटनहॅमचं की टाइनसाइडचं’ असं विचारेल.